भिरंडीवरची

गेल्या बुधवारी संध्याकाळी तिळीने, आमच्या जुन्या कोंबडीने, एका तलंगेचं, म्हणजे कोवळ्या कोंबडीचं, डोकं फोडलं. पावसाने जरा उघडीप दिली होती. मी साखळीहून येऊन स्कूटर पडवीत चढवत होतो, तेवढ्यात मागीलदारी ती फाटकी, घशात अडकून येणारी ओरड ऐकू आली. हेल्मेट हातात तसंच घेऊन धावलो. तांबडी तलंग न्हाणीच्या भिंतीला चिकटून, मान पोटाखाली घालून बसली होती आणि तिळी तिच्या पाठीवर उभी राहून तुऱ्याच्या बुडाशी टोच मारत होती. घाई नाही, राग नाही, दाणे टिपावेत तशी. मी तिळीला पायाने बाजूला सारली, हवं होतं त्यापेक्षा जोरात. ती दोन हात लांब जाऊन पडली, उठली, पिसं फुलवून झाडली आणि मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिली. मग काही घडलंच नाही अशी तुरुतुरु पायाशी आली आणि रोज मी घरी आल्यावर काढते तो बारीक आवाज काढू लागली, पाणी उकळायच्या आधी टोप बोलतो तसा. माझ्या बोटांना तलंगेचं रक्त लागलं होतं. आईने जखमेवर हळद दाबली आणि म्हणाली, "हिलाच का जगवली देवाने?"

आई ते सहज बोलून गेली. मला मात्र ते वाक्य सोडत नाही, कारण पाय उचलला त्या क्षणी माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. पाच महिने ह्या कोंबडीला मी रोज रात्री उचलून पडवीत ठेवत होतो. तिच्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटत होतो. आणि एका मिनिटात मला ती नकोशी झाली.

आमच्याकडे कोंबड्यांना नावं नसतात. जिला कधीतरी कापायची तिला नाव देऊ नये, हा आईचा नियम. काळी, मानकापी, थोरली तांबडी, अशा रंगारूपावरून ओळखायच्या. माघापर्यंत अशा नऊ कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा, दिसायला राजा पण स्वभावाने भित्रा. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी त्यातलीच एक शागोतीत जायची आणि आम्ही बोटं चाटत जेवायचो. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे मी जे काही हळवं लिहीन ते खोटं वाटेल. राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली एक त्यांच्यात होती, तीळ सांडल्यासारखी. दहांमध्ये ती दहावी. कणी टाकली की ती लांब उभी राहायची, सगळ्यांचं झाल्यावर मातीत राहिलेलं टिपायची. तिची शेपटीची पिसं कायम उपटलेली. नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बेने लहानपणापासून कोंबड्यांची निरीक्षणं केली आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यातली टोचण्याची उतरंड शास्त्रीय भाषेत मांडली: कोण कोणाला टोचू शकते, कोण कोणापुढे मान खाली घालते, हे ठरलेलं असतं आणि प्रत्येकीला पाठ असतं. त्याला त्यासाठी वर्षं घालवावी लागली. आई परसात उभ्या उभ्या सांगायची, "ती काळी म्हणजे आमची थोरली जाऊ. आणि ही ठिपक्यांची, बिचारी, आलेली-गेलेली."

आमच्या ग्रामदेवीची, सातेरीची, जत्रा माघात असते. पालखी देवळात परतली की मध्यरात्रीनंतर नाटक उभं राहतं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतं. नाटक मराठी, ऐतिहासिक. आमच्या गावाला सामाजिक नाटक पचत नाही. गेली बावीस वर्षं मी त्यात हुजऱ्या असतो. दोन प्रवेश, तीन वाक्यं. तरुणपणी मावळा व्हायचं स्वप्न होतं, आता गुडघ्यांमुळे हुजऱ्याच बरा. त्या दिवशी रंगायला साडेआठला बोलावलं होतं. भाड्याची ड्रेपरी उशिरा आली होती, डायरेक्टरचे फोनवर फोन चालले होते. मी चपला पायात सरकवत असताना आईने आतून विचारलं, "खुराड्याची कडी लावलीस?"

"लावली," मी म्हटलं.

दार लोटलं होतं हे मला आठवतं. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, आणि आजोबांच्या वेळचं फणसाच्या फळीचं दार, जे लोटलं की आपल्या वजनाने बंद झाल्यासारखं वाटतं. कडी घातली का, हे मी तेव्हाही आठवून पाहिलं नव्हतं. 'लावली' हा शब्द आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नव्हता, फाटकाकडे जाता यावं म्हणून होता.

नाटक साडेपाचला संपलं. मी ओठांवर स्पिरिट गमने चिकटवलेली मिशी तशीच ठेवून, कपाळावरचा रंग गमछाने पुसत घरी निघालो. हवेत धुकं होतं, काजूच्या मोहोराचा वास होता. वाटेत सगळ्या वाड्यांवरचे कोंबडे आरवत होते, एकाचा आवाज संपायच्या आत दुसरा. आमच्या फाटकापाशी आलो तेव्हा काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. जागरणाने डोकं जड झालं होतं. अंगणात पाय टाकल्यावर कळलं. आमचा आरवत नव्हता.

खुराड्याचं दार वीतभर उघडं होतं. आतलं वर्णन करत नाही. आठ तिथेच पडल्या होत्या, एक नेली होती. बहुतेकींच्या मानेलाच चावा होता, अंगाला हात लावलेला नव्हता. खाण्यासाठी एक पुरते, मग बाकीच्या आठ कशासाठी, असं मी त्या क्षणी मोठ्याने विचारलं असावं, कारण शेजारची मावशी वईपलीकडून म्हणाली, "सगळ्यो गेल्यो मरे?" ह्याचं उत्तर पुढे वाचलं. रानात शिकार एक सापडते, बाकीचे पळून जातात आणि तिथेच प्रकरण संपतं. बंद खुराड्यात पळायला वाट नसते. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, ती जागच्या जागी फडफडते, आणि समोर फडफड चालू आहे तोवर शिकारी प्राण्याची मारण्याची कळ दाबलेलीच राहते. म्हणजे त्याच्यात दुष्टपणा नव्हता. चार भिंती आम्ही बांधल्या होत्या आणि दार मी उघडं ठेवलं होतं.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काही ऐकू आलं नाही रे. लाऊडस्पीकर चालू होता. तुझी वाक्यं ऐकायची म्हणून मी जागीच होते. तुझा मुजरा ऐकला आणि झोपले."

त्यांना माडाखाली पुरलं. मावशीने हळूच सुचवून पाहिलं की दोन-तीन तर अगदी ताज्या आहेत, पण आईने तिच्याकडे असं पाहिलं की ती पदर सावरत निघून गेली. खड्डा खणताना मला घाम येत होता, आणि सगळं आटोपून हात धुवायला गेलो तेव्हा बायको म्हणाली, "ती मिशी तरी काढा." तोवर ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती. खोबरेल लावून ओढली तरी वरच्या ओठाची कातडी निघाली. दोन दिवस जेवताना झोंबत होतं.

आईने आपल्यापुरतं कारण शोधलं. गावच्या सीमेवरच्या राखणदार देवाला गेल्या वर्षी आम्ही एक कोंबडा बोललो होतो, मुलीच्या ॲडमिशनसाठी. ॲडमिशन झाली, मुलगी पुण्याला गेली, आणि नवस राहून गेला. "त्याने आपलं व्याजासकट नेलं," आई म्हणाली. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. कडीबद्दल तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आईचा राखणदारावर विश्वास आहे, माझा नाही. पण त्या आठवड्यात तो माझ्या फार उपयोगी पडला.

कोण आलं होतं, हे आम्ही शेवटपर्यंत पाहिलं नाही. मुंगूस दिवसाचं जनावर. शेजारचे काका म्हणाले कांडेचोर, म्हणजे उदमांजर. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, बांधावर एका चिऱ्यावर त्याची विष्ठा होती, भेरल्या माडाच्या बियांनी भरलेली. भेरल्याची फळं खाऊन बिया रानभर पेरणारं हेच जनावर. जंगलखात्यात असलेल्या माझ्या एका वर्गमित्राने फोटो पाहून जवादी मांजर असू शकेल असं सांगितलं. काकांना त्या वादात रस नव्हता. त्यांनी संध्याकाळी पुडी आणून दिली. "एका कोंबडीच्या आतड्यात भरून ठेव, सकाळी पडलेला मिळेल." मी पुडी घेतली. दोन रात्री ती माझ्या टेबलाच्या खणात होती. २०२०च्या जानेवारीत गोव्यातल्या आमच्याच सत्तरी तालुक्यात, गोळावलीला, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली होती, विषाने. त्याआधी वाघाने गुरं मारली होती. तेव्हा मी ऑफिसात टेबलावर हात आपटून बोललो होतो, माणसं इतकी कशी खाली जातात म्हणून. ज्याचं दूधदुभतं गेलं त्याच्या घरात त्या रात्री काय चाललं असेल, हा विचार तेव्हा मला शिवलाही नव्हता. आणि इथे माझ्या आठ-नऊ कोंबड्या गेल्या होत्या, त्याही माझ्याच चुकीने, तर खणात पुडी होती. तिसऱ्या दिवशी ती काकांना परत केली. "शिकलेल्या माणसांचं हे असं," एवढंच ते म्हणाले.

दहावी कुठे आहे, हे त्या सकाळी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ऊन वर आल्यावर आई केर टाकायला मागे गेली आणि तिने हाक मारली. विहिरीजवळच्या भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडावर, पुरुषभर उंचीच्या दुबेळक्यात, ठिपक्यांची बसली होती. डोळे उघडे, अंग एवढंसं झालेलं. खाली उतरायला तयार नव्हती. मी शिडी लावून काढली तेव्हा तिचं काळीज माझ्या तळहातावर इतक्या जोरात धडधडत होतं की वाटलं आता हातातच जाते.

ती वाचली ह्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. हुशार आहे हो, म्हणाले. व्हिडिओ कॉलवर मुलीने तिथल्या तिथे नाव ठेवलं, तिळी, आणि आजीचा नियम मोडला. पण हुशारीचा काही संबंध नव्हता. आईने नीट आठवून सांगितलं, की गेले आठ-दहा दिवस संध्याकाळी काळी तिला दांडीवर चढूच देत नव्हती. चढली की डोक्यात टोच, खाली. मग ती दारातून बाहेर यायची आणि आई तिला पुन्हा आत कोंबायची. त्या रात्री आई नैवेद्याच्या गडबडीत होती. कोंबायला कोणी नव्हतं, म्हणून ती झाडावर गेली.

तिला जीवदान दिलं ते तिला हाकलून देणाऱ्यांनी.

एकट्या कोंबडीचं काय करायचं, ह्याबद्दल वाड्यावर दुमत नव्हतं. शिगमा तोंडावर आला होता. बायकोही म्हणाली, एकीसाठी रोज खुराडं झाडणार कोण, देऊन टाका कोणालातरी. ती चुकीचं बोलत नव्हती. कोंबडी हे एकटं राहायचं जनावर नाही. तिचं खाणं, धुळीत लोळणं, झोपणं सगळं सोबतीने चालतं. पहिले काही दिवस तिळी अंगणाच्या एकाच कोपऱ्यात उभी राहायची, जिथे ती पूर्वीही उभी राहायची. कणी टाकली की लांबच थांबायची, आणि कोणी खात नाही हे बघून बावरायची. आधी कोणी खाल्लं नाही तर आपण कधी खायचं, हे तिला कळत नव्हतं. अंडी तर बंदच झाली. मुलीने पुण्याहून सांगितलं की एकट्या कोंबडीला आरसा द्यावा. माझा रंगायचा आरसा होता, तो न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवला. तिळी जवळ गेली, आत दिसणाऱ्या कोंबडीकडे पाहिलं, आणि मान खाली घालून मागे सरकली. आरशातलीही तिच्याहून वरचीच निघाली. मी आरसा काढून टाकला. त्या दिवशी ठरवलं की हिला कोणाला द्यायची नाही.

का, ते मला नीट सांगता येणार नाही. अपराध फेडायचा होता, हे तर आहेच. पण हळूहळू त्यात दुसरंही काहीतरी मिसळलं. दिवेलागणीला ती पडवीच्या पायरीवर येऊन उभी राहायची. खुराड्याकडे फिरकायची नाही. मी तिला दोन्ही हातांत उचलायचो: पिसांखाली अंगाची ऊब, बोटांना लागणारं छातीचं धारदार हाड, पोट भरलेलं असेल तर गळ्याखाली वाळूच्या पुरचुंडीसारखी फुगलेली पिशवी. माणसाला वाटतं त्यापेक्षा कोंबडी फार हलकी असते. स्कूटरच्या मागच्या सीटवर पोतं घालून तिला ठेवायचं, वर डालगं झाकायचं, डालग्यावर दगड. सकाळी सीट धुवायची. तांदळाची कणी, नाचणी, आणि शनिवारी तिसऱ्या आणल्या की त्यांच्या शिंपल्या वाळवून कुटून. वाळवी हा कोंबड्यांचा जीव की प्राण, पण आईच्या हयातीत ह्या परसातलं वारूळ फुटणार नाही, कारण वारूळ, आमची रोयण, म्हणजे सातेरीच. तेव्हा कुजक्या झावळ्या उलटून जी काय सापडेल ती. रविवारी मी झावळी उचलायचो आणि तिळी खाली घुसायची. कित्येकदा माझी बोटं आणि तिची चोच एकाच किड्यावर.

शिगम्यात रोमटाचे ढोल-ताशे अंगणात आले तेव्हा ती कुठे दिसेना. सगळे गेल्यावर सापडली, पडवीच्या कट्ट्यावर उलट्या ठेवलेल्या माझ्या हेल्मेटात, अंग चोरून. दुसऱ्या दिवशी तिथेच अंडं घातलं. सहा आठवड्यांनंतरचं पहिलं. त्यानंतर तिला दुसरी जागा पटेना. दीड-दोन दिवसांआड सकाळी पावणेनऊला मी बॅग लावून तयार आणि हेल्मेटात बाई बसलेल्या. चेकनाक्यावर पोलीस असतो, बिनहेल्मेट जाता येत नाही. ऑफिसात उशिराचं कारण काय सांगायचं? एकदा खरं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही, पण साहेब हसले आणि सही झाली. शेवटी जुनं हेल्मेट तिला दिलं आणि नवीन घेतलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती, ती आईने दाखवली: तिळी ओरडत नाही. वर घार आली तर कोंबड्या एक आवाज काढतात, बारीक, लांब, वरून खाली येणारा. कुत्रं किंवा मुंगूस आलं तर दुसरा, खडखडीत, तुटक, थांबता न थांबणारा. हे दोन वेगळे शब्द आहेत म्हटलं तरी चालेल. तिळी दोन्ही काढत नव्हती. कुत्रं आलं की मुकाट्याने कट्ट्यावर चढायची. कोंबड्यांवर ह्याचे प्रयोग झालेले आहेत. वरून घारीची आकृती फिरवली तर एकटा ठेवलेला कोंबडा सहसा गप्प राहतो, जवळ कोंबडी असेल तर ओरडतो. धोका तोच. ऐकायला कोणी आहे की नाही, एवढाच फरक. प्रयोग कोंबड्यांचे, म्हणजे नरांचे. तिळीला तो हिशेब लागू करावा का, मला माहीत नाही. पण चैत्रात एका रविवारी दुपारी मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होतो, पाठ विहिरीकडे. आणि एकदम तो आवाज आला. बारीक, लांब. मी वर पाहिलं. माडाच्या शेंड्यांवरून शिक्रा सरकत गेला, सावली माझ्या पाठीवरून, सोलांवरून, वईवरून गेली. तिळी माझ्या पायापासून दोन हातांवर जमिनीला चिकटून बसली होती. अंगणात आम्ही दोघंच होतो.

मी बराच वेळ हातातली सोलं खाली ठेवली नाहीत.

त्याच सुमाराला कुळागराच्या वरच्या अंगाला रानकोंबडा बोलायला लागला. दर वर्षी बोलतो. आमचा कोंबडा असताना तो ऐकू येत असूनही ऐकू येत नव्हता. आता पहाटेची जागा रिकामी होती. त्याचं आरवणं गावठी कोंबड्यासारखं भरघोस नसतं, मधेच तुटल्यासारखं, अर्ध्यावर विचार बदलल्यासारखं. आपल्या पाळीव कोंबड्यांचं मूळ लाल रानकोंबड्यात, हे शाळेत शिकलो होतो. पण २००८ साली उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा त्या लालातून आलेला नाही, तो आला आपल्या पश्चिम घाटातल्या ह्या राखी रानकोंबड्याकडून. तिळीचे पाय पिवळेधमक आहेत, हळदीत बुडवल्यासारखे. तो बोलला की ती स्कूटरच्या सीटवर डालग्याखाली उभी राहायची, सळ्यांच्या फटीतून मान बाहेर काढायची आणि ऐकायची. आईला भीती, जाईल एक दिवस. बायको म्हणाली, गेली तर बरंच, स्थळ तरी मिळालं. ती गेली नाही. एकदा बांधापर्यंत गेली, तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन हेल्मेटात बसली.

मे संपता संपता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तीन तलंगा आणल्या. पुरुमेताची, पावसाळ्याच्या बेगमीची, गर्दी होती, सुक्या बांगड्यांचा आणि घामाचा वास. विकणाऱ्या बाईने तिन्हींचे पाय एकत्र बांधून उलट्या हातात दिल्या, तसं मला धरवेना, मी त्यांना कुशीत घेतलं तर ती हसायला लागली. दोन आठवडे त्यांना लांब, गोठ्यात ठेवलं. नव्याबरोबर रोग येतो, राणीखेतने वाड्यावर एकदा सगळी खुराडी रिकामी केलेली मी लहानपणी पाहिली आहेत. तोवर खुराडं नीट केलं. कोंबडीजाळी म्हणून जी विकतात ती कोंबडी आत ठेवते, जनावर बाहेर ठेवत नाही, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणली. फूटभर खाली गाडली, बाहेरच्या बाजूला वळवली. कौलांखालच्या फटी बुजवल्या. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली. गवंडी म्हणाला, साहेब, बँक बांधताय का? मग आठवडाभर तलंगा जाळीच्या आत आणि तिळी बाहेर, एकमेकींना बघू दे म्हणून. मला वाटलं होतं ती जाळीला चिकटून बसेल. आनंद होईल. मुलीला व्हिडिओ पाठवायचा म्हणून मी मोबाईल तयार ठेवला होता. पहिल्या दिवशी तिने जाळीतून चोच घालून सर्वांत जवळच्या तलंगेचं पीस उपटलं.

बुधवारी जे झालं ते त्याचंच पुढचं. जुनी ती जुनी, घर तिचं, वयाने मोठी, आणि समोर तीन कोवळ्या पोरी. जिने अख्खं आयुष्य टोचून घेण्यात काढलं तिला टोचायचं कुठे ते बरोबर ठाऊक आहे: तुऱ्याच्या बुडाशी, जिथे तिला काळी टोचायची. मी चिडलो ते तलंगेसाठी, असं तेव्हा वाटलं होतं. खरं तर पाच महिने मी मनात एक दुसरीच कोंबडी पाळत होतो. सोसलेली, म्हणून मऊ झालेली. ही तशी नाही. हिला वरची दांडी हवी आहे. आणि ती मिळाल्यापासून हिची पिसं चकाकायला लागली आहेत, तुरा लाल झाला आहे, एक दिवसाआड अंडं येतं आहे. आता ती पडवीच्या पायरीवर येत नाही, संध्याकाळी सर्वांच्या आधी आत जाऊन वर बसते. स्कूटरची सीट पाच महिन्यांनी कोरडी आहे. मला ह्याचं वाईट वाटतं, हे मी फक्त इथे लिहितो आहे.

काल रात्री खुराडं बंद करायला गेलो तेव्हा आषाढाचा पाऊस कौलांवर ताशा वाजवत होता. टॉर्च मारला. दांडीवर तिळी, तिच्यापासून हातभर जागा सोडून दोन तलंगा. तिसरी नाही. मला शोधावं लागलं नाही. टॉर्च सरळ भिरंडीवर धरला, आणि त्याच दुबेळक्यात तांबडी बसली होती, डोक्यावरची हळद पावसाने धुऊन गेलेली, एवढीशी झालेली.

मी चिंब होत खाली उभा राहिलो. आत ठेवली तर रात्रभर टोच खाणार. बाहेर ठेवावी तर एक वेडा विचार असाही येत होता, की हीच फांदी होती. पण कांडेचोर माणसापेक्षा सराईत झाडावर चढतो, भिरंडं खायला तर तो त्याच झाडावर येतो. त्या रात्री फांदीने तिळीला वाचवलं नव्हतं. खाली दार उघडं होतं, काम सोपं होतं, म्हणून त्याने वर पाहिलं नसेल. मी शिडी आणली, तांबडीला काढली. तेच हलकं वजन, तीच धडधड. आत तिळीच्या विरुद्ध टोकाला, दोघींच्या पलीकडे तिला बसवली. तिळीने एक डोळा उघडला. मी वरची कडी घातली, खालची घातली, आणि जाळीला कान लावून उभा राहिलो. एकदा फडफड झाली, एक तुटक ओरड, मग गप्प. मग पावसातून तो बारीक आवाज, टोप बोलतो तसा. कोणाचा, ते कळलं नाही.

पडवीत आलो तर आई काळोखात कट्ट्यावर बसली होती.

"कडी लावलीस?"

मी तोंड उघडलं, आणि टॉर्च घेऊन पुन्हा पावसात उतरलो.